चौथी किल्ली

खटक्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारणारं माणूस शोधायचं तर थेट कोर्टातच जावं लागलं असतं, आणि तशी वेळ त्याच्यावर पुढे दोनदा आली. एरवी सगळा रस्ता त्याला खटक्याच म्हणायचा. सहा वर्षांचा असताना त्याने वडिलांच्या ट्रंकेचं कुलूप ताईच्या केसातल्या आकड्याने उघडलं. आत काय आहे हे पाहिलंसुद्धा नाही, पुन्हा लावून टाकलं. त्याला फक्त खटका ऐकायचा होता. मार मात्र ताईने खाल्ला, कारण आकडा तिचा होता.

बेकरी आणि चपलांचं दुकान यांच्यामध्ये जी फट उरली होती, तिला खटक्या दुकान म्हणायचा. आत एक स्टूल, एक कानस मारायचं यंत्र, आणि तिन्ही भिंतींवर खिळ्यांना टांगलेल्या हजारेक कोऱ्या किल्ल्या. गिऱ्हाईक आत आलं की मालकाला बाहेर यावं लागे. पण हात असा, की किल्ली एकदा डोळ्याखालून गेली की तिचे दाते त्याच्या डोक्यात कायमचे बसत. लोकांचे चेहरे तो विसरायचा. किल्ली दाखवली की म्हणायचा, अच्छा, वरच्या गल्लीतलं निळं दार. दुकानावर त्याने स्वतःच्या हाताने एक पाटी रंगवली होती: ‘एकटी किल्ली म्हणजे हरवलेली किल्ली’. एक मागितली तरी तो दोन कापायचा आणि दुसरी निम्म्या किमतीत गळ्यात मारायचा.

ताई त्याची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, मग ती दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत भावाकडे येऊन राहिली. म्हणजे खटक्या म्हणायचा ती माझ्याकडे राहते, आणि ती म्हणायची तो माझ्याकडे राहतो. नोकरी पोहण्याच्या तलावावर, तिकीट खिडकीत. बावीस वर्षं तिने लोकांना ओल्या पायांनी ऑफिसात येऊ नका म्हणून सांगितलं आणि बावीस वर्षं लोक ओल्या पायांनीच आले. तिथल्या लॉकरच्या किल्ल्या पोहणारे रोज हरवायचे, आणि खटक्या रोज नव्या करून द्यायचा. ताई खोटं बोलत नसे. वय विचारलं तर महिन्यांसकट सांगायची, आणि दुसऱ्यांचंही सांगून टाकायची, म्हणून बायका तिच्या वाटेला जात नसत.

आता खटक्याच्या पिण्याबद्दल सांगायला हवं. गटाराच्या कडेला लोळणाऱ्यांतला तो नव्हता. महिना महिना थेंबाला शिवत नसे. पण एकदा ग्लास हातात आला की तो खाली ठेवायचं भान त्याला राहत नसे, आणि त्याहून वाईट म्हणजे प्याल्यावर आपण गाडी जास्त चांगली चालवतो असं त्याचं ठाम मत होतं. पिणाऱ्याला जगातलं सगळं कळतं, आपण प्यालोय एवढंच कळत नाही. ताईने हे त्याला शंभरदा ऐकवलं होतं. तो म्हणायचा, तुझं पटतं ताई. आणि खरंच पटायचं, ग्लास समोर येईपर्यंत.

पहिल्यांदा पकडला गेला तो एका मित्राच्या नव्या घराच्या जेवणाहून येताना. वडिलांची जुनी गाडी, किल्लीत चिप-बिप काही नसलेली, त्याने सरळ आपल्याच दुकानासमोरच्या दिव्याच्या खांबावर नेऊन घातली. सगळ्या रस्त्याने पाहिलं, त्यामुळे साक्षीदारांचा तुटवडा पडला नाही. न्यायाधीशांनी चार महिन्यांची कैद सुनावली, पण ती लगेच भोगायला लावली नाही. दोन वर्षं प्रोबेशन. या दोन वर्षांत दारू नाही, गाडीला हात नाही, दर महिन्याला प्रोबेशन अधिकारी बाईंपुढे हजेरी. नीट वागलात तर चार महिने माफ. चुकलात तर ते चार महिने जागचे उठून येतील आणि नव्या गुन्ह्याची शिक्षा वर बसेल ती वेगळी. खटक्याने तिथल्या तिथे कानाला खडा लावला.

अधिकारी बाई वयाने लहान पण कागदाला पक्क्या होत्या. गाडी विकून टाका म्हणाल्या. खटक्याने वडिलांची आठवण काढून असं तोंड केलं, की त्यांनी दुसरा मार्ग काढला: गाडीच्या किल्ल्या ताईच्या ताब्यात राहतील आणि तसं हमीपत्र ताई सही करून देईल. दोन किल्ल्या होत्या, दोन्ही ताईने बिस्किटांच्या डब्यात घालून कपाटात ठेवल्या. आणखी एखादी किल्ली आहे का, असं बाईंनी विचारलं. खटक्या म्हणाला, नाही. त्या घडीला ते खरंच होतं. हजार कोऱ्या किल्ल्यांच्या मालकाला हा प्रश्न विचारून पुढे जाणाऱ्या बाईंचं काय चुकलं म्हणा. हा हवी तेव्हा किल्ली कापू शकतो हे ताईच्याही डोक्यात आलं नाही, आणि ती तर त्याच्यासोबत वाढली होती.

चौदा महिने खटक्या सुतासारखा सरळ राहिला. सायकलच्या मागे हत्यारांची पेटी बांधून फिरायचा. हजेरीचा दिवस चुकवला नाही, उलट एकदा बाईंच्या टेबलाचा अडकलेला खण उघडून दिला, तेव्हा त्यांनी आधी डोळे वटारले आणि मग आभार मानले. दर रविवारी ताई कपाट उघडून डबा हलवायची आणि विचारायची, आणखी नाही ना कुठे? तो म्हणायचा, नाही गं बाई. ताईला वाटायला लागलं की गाडं रुळावर आलं. शेजारणीला तसं बोललीसुद्धा, आणि बोलल्यावर उगीच बोलले असं तिला वाटलं.

पंधराव्या महिन्यात बेकरीवाला निवृत्त झाला. चाळीस वर्षं पहाटे तीनला उठलेला माणूस, त्याने आता दुपारचं जेवण द्यायचं ठरवलं आणि सगळ्या रस्त्याला बोलावलं. ताई तलावावर होती. खटक्याने पहिला ग्लास बेकरीवाल्याच्या सन्मानार्थ घेतला, दुसरा बेकरीच्या, तिसऱ्याला कारण लागलं नाही. आणि नेमका तेव्हा फोन वाजला. टेकडीवरच्या वस्तीतल्या एक आजीबाई, अंगणात कपडे वाळत घालायला गेल्या आणि मागे दार लागलं; आत शेगडीवर दूध. आजीबाई फोनवर रडत होत्या.

सायकल होती, पण चढ उभा आणि पेटी जड. डोक्यात तीन ग्लास. खटक्या यंत्रापाशी बसला. वडिलांच्या गाडीचे दाते त्याला स्वतःच्या दातांपेक्षा जास्त पाठ होते. भिंतीवरून कोरी किल्ली काढली, डोळे जवळजवळ मिटूनच कापली, चार मिनिटांत तयार. वर ती थोडी तेलात घासून जुनी दिसेलशी केली, कारण नवी कोरी किल्ली हातात देणं त्याला ओबडधोबड वाटायचं. टेकडीवर पोचला, दार उघडलं, दूध उतू जाऊन करपलं होतं एवढंच. आजीबाईंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. तो ऐटीत गाडीत बसला आणि मागे न बघता मागे घेतली.

शेजारच्या फाटकाशी एक बाबागाडी उभी होती. तिच्यातलं बाळ आईने नुकतंच, एवढ्यातच, उचलून कडेवर घेतलं होतं. चाकाखाली ती बाबागाडी पापडासारखी मोडली. पोलिसांना फोन आजीबाईंनीच केला. आधी आभार, मग पोलीस. बाई न्यायाच्या होत्या. पोलिसांनी दारू तपासायच्या यंत्रात फुंकर मारायला लावली, आकडा पाहून हवालदाराने नुसतीच मान हलवली, आणि गाडीची किल्ली काढून पाकिटात घालून सील केली.

जामिनावर सुटून तो घरी आला तेव्हा ताईने त्याला जेवायला वाढलं आणि एक शब्द बोलली नाही. तिने शिव्या दिल्या असत्या तर त्याला घास गेला असता. त्याने आपण होऊनच सगळं सांगितलं, किल्ली कापली तेही. सांगितलं असं की एक किल्ली कापली. ताईने कपाटातला डबा हलवला. आत दोन्ही जागेवर वाजल्या. कुंपणानेच शेत खाल्लं, ती स्वतःशीच म्हणाली.

वकील मिळाला तो पेपरमिंट चघळणारा. पेपरमिंटशिवाय त्याचं डोकं चालत नसे. त्याने मामला दोन वाक्यांत मांडला. खटक्याने स्वतः किल्ली कापली असेल तर न्यायाधीश म्हणणार, हा ठरवून केलेला प्रकार, चार महिने अधिक नवी शिक्षा, बाहेर यायचं नाव नको. पण समजा, म्हातारी संकटात आहे म्हणून घाबरून बहिणीनेच डब्यातली किल्ली काढून दिली असेल, तर ती घाईतली चूक. बहिणीला दोन शब्द ऐकावे लागतील, भावाचं प्रोबेशन वाढेल, आणि माणूस घरी जेवेल. पोलिसांना ती किल्ली मूळचीच वाटत होती. खटक्याच्या हाताला एवढं यश, की आता त्यामुळे खोटंही बेमालूम बसत होतं.

“मी काही बोला म्हणत नाही,” वकील ताईला म्हणाला. “मी फक्त विचारतो, तुमच्याकडे किल्ल्या किती?”

“दोन.”

“एक तर पोलिसांकडे आहे ना?” असं म्हणून त्याने नवं पेपरमिंट सोललं.

खटक्या जमिनीकडे पाहत राहिला. नको ताई, असं तो म्हणाला नाही. ताईने त्या रात्री झोप लागायच्या आत ठरवून टाकलं. पाठचा भाऊ तो. दुसऱ्या दिवशी डब्यातली एक किल्ली तिने तलावावर नेली आणि हरवलेल्या लॉकर-किल्ल्यांच्या खोक्यात टाकली. तिथे शंभरेक पडल्या होत्या, त्यांत एक जास्त. बावीस वर्षांच्या नोकरीत तिने लपवलेली ही पहिली वस्तू. दिवसभर तिला वाटत होतं की पोहायला येणारा प्रत्येक जण त्या खोक्याकडेच बघतोय.

आणि हे असं सगळं ठरलेलं असताना, तारखेच्या आठ दिवस आधी, लॉकर क्रमांक एकतीसची जादा किल्ली शोधायला ताई दुकानात गेली. खटक्या कामावर गेला होता. यंत्राखाली पत्र्याचा एक डबा असायचा, सायकलच्या कुलुपांच्या जुन्या किल्ल्यांनी भरलेला. तिने तो स्टुलावर उपडा केला. त्यात एक किल्ली लांब होती. नवी होती, अजून न घासलेली, दात्यांना पितळेचा कीस चिकटलेला. ती मागच्या अंगणात गेली, जिथे पोलिसांनी परत दिलेली गाडी उभी होती, आणि दाराला ती किल्ली लावून पाहिली. लोण्यात फिरावी तशी फिरली.

ती गाडीत बसून राहिली. असं कसं झालं हे तिला लगेच कळलं: पाटी. एक मागितली तरी दोन कापायची. ग्लास पोटात असतानाही हाताने सवय सोडली नाही. कापली तेव्हा त्याच्या मनात काही नव्हतं, हे ती शपथेवर सांगू शकली असती. पण त्याला होऊन आता दोन महिने झाले होते. दोन महिने रोज तो त्या यंत्रावर बसत होता, त्याचे पाय त्या डब्याला लागत होते, आणि तो गप्प होता. जित्याची खोड, तिच्या मनात आलं. मी कोर्टात खोटं बोलून याला सोडवायचं, आणि याची किल्ली तयारच. पुढल्या वेळी त्या आईने बाळ उचललं नसेल तर? ताईला भावाचा इतका राग आला, आणि त्याची इतकी कणव आली, की तिला दोन्ही मिळून रडू फुटलं. मग तिने डोळे पुसले, किल्ली पर्सच्या आतल्या कप्प्यात घातली आणि एकतीस नंबरची किल्ली घेऊन कामावर गेली.

आठ दिवस ती वाट पाहत राहिली. जेवताना पाहायची, चहा देताना पाहायची. रविवारी विचारलंसुद्धा, आणखी नाही ना कुठे? खटक्याचा घास क्षणभर थांबला आणि तो म्हणाला, नाही गं. ताईने पुढे विचारलं नाही. सापडली म्हणून सांगून टाकायचं अगदी जिभेवर आलं होतं, पण तिला ते त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. नाहीतर तिने कोर्टात खोटं बोलण्याला काय अर्थ?

तारखेच्या दिवशी पुकारा झाला तो खऱ्या नावाने, आणि खटक्या बसूनच राहिला. ताईने कोपर मारल्यावर उठला. न्यायाधीश पहिल्या वेळचेच होते, चष्मा नाकाच्या टोकावर असणारे. त्यांनाही दिव्याचा खांब आठवत होता. अधिकारी बाईंनी चौदा महिने हा माणूस चोख वागल्याचं सांगितलं आणि पंधराव्याचं वाचताना त्यांचा आवाज जरा खाली आला. बाबागाडीचा फोटो टेबलावर होता. मग वकिलाने ताईला पुढे बोलावलं.

ताई पिंजऱ्यात उभी राहिली. पर्समध्ये बिस्किटांचा डबा, त्यात एक किल्ली. आतल्या कप्प्यात दुसरी. खरं बोलेन म्हणून तिने शपथ घेतली.

“गाडीच्या किल्ल्या तुमच्या ताब्यात होत्या?” न्यायाधीशांनी विचारलं.

“होत्या.”

“मग त्या दिवशी यांच्या हातात कशी आली?”

काय बोलायचं ते तिला आठ दिवस पाठ होतं. सगळं कोर्ट तिच्याकडे बघत होतं, आणि त्याच वेळी मागून आवाज आला.

“तिला नका विचारू, साहेब. ती किल्ली मी कापली.”

वकिलाने तोंडातलं पेपरमिंट कडकन फोडलं. सरकारी वकील उठले, आणि गंमत अशी की तेच म्हणाले, किल्ली तर मूळची दिसते. आता खटक्याला राहवेना. मूळच्या किल्लीचा तिसरा दाता वीस वर्षांत झिजलाय, माझा अजून धारदार आहे, तो म्हणाला. ताईच्या डब्यातली शेजारी धरून बघा. न्यायाधीशांनी डबा मागवला, पाकीट फोडलं, दोन्ही किल्ल्या खिडकीच्या उजेडात धरल्या आणि बराच वेळ बघितल्या.

“काम चांगलं आहे तुमचं,” ते म्हणाले. “म्हणूनच हे वाईट आहे. वकिलाने सांगितलं नाही का, गप्प बसा म्हणून?”

“सांगितलं, साहेब. पण ती बाबागाडी रिकामी होती, त्यात माझी काही करामत नाही. मला सोडवायला हिला कशाला खोटं बोलायला लावू? लहानपणी आकडा हिचा होता म्हणून मार हिने खाल्ला. एकदा पुरे.”

आकड्याचं कोर्टात कुणालाच काही कळलं नाही. ताईला कळलं. न्यायाधीशांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, तुम्ही काय सांगणार होतात? ताई म्हणाली, साहेब, ते आता मलाही आठवत नाही. बावीस वर्षांतलं तिचं दुसरं खोटं, आणि ते सगळ्यांना कळलं. दुसरी मूळ किल्ली तलावावरच्या खोक्यात आहे हे मात्र तिने न विचारता सांगून टाकलं. न्यायाधीशांनी तिला तीन वाक्यं सुनावली, ती तिने मान खाली घालून घेतली.

निकालाला फार वेळ लागला नाही. जुने चार महिने जागचे उठून आले. नव्या गुन्ह्याचे दोन, आणि तेही चार संपल्यावर, एकामागून एक. परवाना पाच वर्षं रद्द, मग पुन्हा पहिल्यापासून परीक्षा. तुरुंगात व्यसन सोडवण्याचे उपचार घ्यायचे आणि सुटल्यावर परत अधिकारी बाईंपुढे हजेरी. गाडी विकायची. माणूस खरं बोलला म्हणून दोन, नाहीतर मी चार देणार होतो, असं न्यायाधीश म्हणाले. वकील हळूच म्हणाला, माझं ऐकलं असतं तर शून्य. त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

नेण्याआधी बाहेरच्या बोळात पाच मिनिटं मिळाली. सोबतचा शिपाई भला होता. त्याच्या सासऱ्याच्या घराचं कुलूप खटक्याने एकदा काढून दिलं होतं. खटक्याने ताईला दुकानाचं सांगितलं: यंत्राला आठवड्यातून एकदा तेल, एकतीस नंबरच्या लॉकरचं कुलूपच बदल, किल्ल्या करून काही होणार नाही. पाटी उतरवून ठेव म्हणाला. मग थांबला. जायला निघाला, आणि दोन पावलांवरून परत आला.

“ताई, अजून एक आहे. यंत्राखालच्या डब्यात, सायकलच्या किल्ल्यांत. त्याच दिवशी दोन कापल्या होत्या. रोज वाटायचं टाकून द्यावी, आणि रोज राहायची. तू टाक.”

ताईने पर्स उघडली, आतला कप्पा उघडला, आणि तळहात त्याच्यापुढे धरला. खटक्या किल्लीकडे पाहत राहिला. मग बहिणीकडे.

“केव्हा मिळाली?”

“आठ दिवस झाले.”

“आणि तरी तू पिंजऱ्यात उभी राहिलीस?”

खटक्याने बोटाने दात्यांवरचा पितळेचा कीस झाडला, ही घासायची राहून गेली म्हणाला, आणि तोंड फिरवून भिंतीकडे करून उभा राहिला. शिपाई खिडकीतून बाहेर बघत होता. ताईने भावाच्या पाठीवर हात ठेवला. चौदा महिने दर रविवारी जो प्रश्न ती विचारत आली होती तो सवयीने तिच्या ओठांवर आला, आणखी नाही ना कुठे? तिने तो विचारला नाही.